प्रॉक्सिमा सेंटॉरी बी

सूर्याच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्याचा, म्हणजे प्रॉक्सिमाचा ग्रह. अंतर ४.२४ प्रकाशवर्षं, म्हणजे व्हॉयेजर १ यानाच्या स्पीडने निघालं तर साधारण ७५ हजार वर्षं, आणि ह्याला जवळ म्हणायचं.

कोकणातून निदान दिशा तरी दिसते. मे संपत आला की रात्री साडेदहाच्या सुमारास मालवण-देवगडकडच्या पुळणीवर दक्षिणेला तोंड करून उभं राहायचं, हात ताठ करून मूठ क्षितिजावर टेकवायची, मुठीच्या जरासा वर जो ठळक तारा तो नरतुरंग तारकासमूहातला मित्र, त्याच्या उजवीकडे मित्रक हा दुसरा ठळक तारा. (ढग आले नसतील तर.) प्रॉक्सिमा मित्राच्याच जवळ आहे पण नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, फार मंद आहे, आणि ग्रह तर दुर्बिणीतूनही अजून कोणी बघितलेला नाही.

मग २०१६ मध्ये सापडला कसा? ग्रह फिरताना ताऱ्यालाही थोडं ओढतो, तो तारा सेकंदाला जेमतेम १.४ मीटरने पुढेमागे होतो, म्हणजे बाजारातून पिशवी घेऊन घरी येणाऱ्या माणसाची चाल, आणि ती चिलीतल्या दुर्बिणीवरच्या हार्प्स नावाच्या, ताऱ्याच्या प्रकाशावरून वेग मोजणाऱ्या यंत्राने इथून पकडली! एक फेरी ११.२ दिवसांची. चतुर्थीला गणपती बसवले आणि अनंत चतुर्दशीला विसर्जन करून घरी आलो की तिथलं वर्ष संपलं. वजन पृथ्वीच्या किमान १.०७ पट. किमान अशासाठी की कक्षा किती कललेली आहे ते माहीत नाही. तो ताऱ्यासमोरून जाताना दिसत नाही, त्यामुळे व्यासही मोजता आलेला नाही.

मोजलेलं जवळपास एवढंच. नेटवर लाल आकाश आणि समुद्राचे जे फोटो फिरतात ते फोटो नाहीत, चित्रं आहेत. पण चित्रातलं सगळंच हवेतलं नाही: ग्रह ताऱ्यापासून फक्त ७० लाख किलोमीटरच्या आसपास आहे म्हणून तिथला सूर्य आपल्यापेक्षा तिप्पट रुंद दिसेल, आणि बहुतेक एकच बाजू कायम उजेडात असेल. तसं असेल तर सूर्य जागचा हलणार नाही, समुद्र असलाच तर सूर्यामुळे येणारी भरती-ओहोटीही जवळपास नाही, उधाण बघून होडी काढायचा प्रश्नच मिटला.

अडचण ताऱ्याच्या स्वभावाची आहे. १ मे २०१९ ला त्याचा अतिनील प्रकाश काही सेकंदांत १४ हजार पट वाढला. असे भडके सारखे बसून हवाच उडून गेली असेल, तर त्या चित्रांतला समुद्र आधी पुसावा लागेल.