कलमी बोर (परसबागेतील लागवड)

रानबोरीच्या किंवा गावठी बोरीच्या खुंटावर (मुळासह असलेल्या खालच्या झाडावर) उमराण, कडाका, मेहरूण अशा जातीचा डोळा (फांदीवरचा अंकुर) भरून, म्हणजे सालीत बसवून, तयार केलेली बोरी. शास्त्रीय नाव झिझिफस मॉरिशियाना, कुल ऱ्हॅम्नेसी. विदर्भातल्या कडक उन्हाळ्यात ती पाने गाळून विश्रांती घेते आणि पावसाबरोबर फुटते. त्यामुळे विहीर आटणाऱ्या गावातही ती तग धरते. मुरमाड, हलकी जमीन तिला चालते; काळ्या भारी जमिनीत पाणी साचत असेल तर मात्र जागा बदलावी.

बोरीचे सोटमूळ खोल जाते आणि रोपाच्या पिशवीत ते वळते, म्हणून खुंट जागेवरच वाढवणे उत्तम. ६० सेंमी लांब, रुंद व खोल खड्डे ६ मीटरवर खणून त्यात माती व दोन टोपल्या शेणखत भरावे. बिया मिठाच्या दाट पाण्यात टाकून तरंगणाऱ्या काढून टाकाव्यात आणि जूनमध्ये खड्ड्यात तीन-चार पेराव्यात. आठोळी (बोराची कठीण बी) हलकेच फोडून आतला दाणा शाबूत काढून पेरला तर आठवड्यात उगवते, अख्खी असल्यास महिना लागतो.

धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) आयती रानबोर असेल तर काम आणखी सोपे. उन्हाळ्यात ती जमिनीपासून हातभर ठेवून छाटावी, पावसात आलेल्या धुमाऱ्यांतला एक जोमदार ठेवावा. तो पेन्सिलीएवढा जाड झाला की जून ते ऑगस्टदरम्यान डोळा भरावा. चालू हंगामाच्या फांदीवरील फुगलेला डोळा सालीच्या चौकोनी तुकड्यासह काढायचा, खुंटावरची तेवढीच साल काढून तिथे बसवायचा आणि डोळा उघडा ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचा. साल सहज सुटत नसेल तर त्या दिवशी काम करू नये. दोन-तीन आठवड्यांनी डोळा हिरवा दिसला की वरचा खुंट कापावा.

‘कलम रानटी झाले’ ही तक्रार बहुतेक वेळा खुंटाच्या फुटव्यांमुळे येते. जोडाखालचे फुटवे जोमाने वाढतात, डोळ्याची फांदी मागे पडते आणि काही वर्षांनी झाडाला बारीक, आंबट बोरे लागतात. असे फुटवे दिसताच मुळापासून काढावेत. दुसरी चूक एकच जात लावण्याची: अनेक जातींत स्वपरागण नीट होत नाही, म्हणून जवळपास दोन जाती हव्यात.

फळ नव्या फुटीवर येते. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये गेल्या वर्षीच्या फांद्या आखूड छाटाव्याच लागतात. हात आखडल्यास झाडाची गुंतावळ होते आणि फळ लहान राहते. छाटणीनंतर पाऊस येईपर्यंत पाणी देऊ नये. पावसाळ्याच्या तोंडावर आळ्यात शेणखत घालावे.

फळे वाटाण्याएवढी असताना भुरी (पांढऱ्या पिठासारखी दिसणारी बुरशी) येते. पाण्यात विरघळणारे ८० टक्के गंधक १० लिटरला २५ ग्रॅम फवारावे. फळमाशीची अळी मात्र गरात असते, तिथे फवारा पोहोचत नाही. तिचे कोष मातीत राहतात, म्हणून गळालेली किडकी बोरे गोळा करून खोल पुरावीत आणि उन्हाळ्यात आळ्याची माती उकरून तापू द्यावी.

डिसेंबर ते फेब्रुवारीत तोडणी. उमराण सोनेरी पिवळी झाली की तोडावी. तपकिरी होईपर्यंत झाडावर ठेवल्यास ती मऊ पडते. अशी जास्त पिकलेली बोरे वाळवून, कुटून बोरकूट करतात. संक्रांतीच्या बोरन्हाणाला मात्र लहान गावठी बोरेच लागतात, म्हणून धुऱ्यावरची एखादी बोर कलम न करता राखतात.