रेहवा सोसायटी, महेश्वर

मध्य प्रदेशात, खरगोन जिल्ह्यात नर्मदेच्या उत्तर काठावरील महेश्वर येथे होळकरांच्या किल्ल्यातील जुन्या इमारतीत चालणारे हातमाग केंद्र. नफा न कमावणारी नोंदणीकृत संस्था म्हणून ते 1978 च्या सुमारास सुरू झाले. नावातील ‘रेहवा’ म्हणजे रेवा, नर्मदेचेच दुसरे नाव. मावळू लागलेली महेश्वरी साडी पुन्हा मागावर चढवणे आणि विणकरांच्या, त्यातही बायकांच्या, हाताला काम देणे हा संस्थेचा मूळ हेतू होता.

महेश्वर मराठी वाचकाला परके नाही. मल्हारराव होळकर 1766 मध्ये वारले, पुढच्याच वर्षी नातू मालेराव गेला आणि नगर भागातील चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंच्या हाती कारभार आला. त्यांनी राजधानीसाठी महेश्वर निवडले आणि 1795 मध्ये मृत्यू येईपर्यंत राज्य येथूनच चालवले. किल्ल्यातला त्यांचा वाडा पाहायला गेलेला माणूस थोडा चकित होतो. लाकडी खांब, अंगण, बसकी बैठी रचना, एखाद्या सुखवस्तू मराठी घरासारखी. राजवाडा म्हणून डोळे दिपावेत असे तेथे काहीच नाही. खाली मात्र नदीकडे उतरणाऱ्या घाटावर आणि मंदिरांवर दगडी कोरीवकाम सढळ हाताने केलेले आहे. बाईंनी आपल्या राहण्यावर खर्च टाळला आणि घाटांवर केला, हे त्या दोन जागा एकापाठोपाठ पाहिल्या की सांगावे लागत नाही.

विणकर मुळात या गावचे नव्हतेच. सुरतेसह इतर ठिकाणांहून त्यांना बोलावून येथे वसवले गेले. दरबारात येणाऱ्या पाहुण्यांना आणि नातलगांना द्यायला उंची वस्त्रे हवी असत. त्यासाठी नऊवारी लुगडी आणि पागोट्यांचे कापड विणले जाई. पहिल्या साडीचा नमुना खुद्द अहिल्याबाईंनी काढला अशी आख्यायिका आहे. ती गावात अभिमानाने सांगितली जाते, पुराव्याने सिद्ध करता येत नाही. काठावरच्या नक्षीचे मूळ मात्र डोळ्यांनी ताडून पाहता येते. चटाई, ईंट (वीट), हिरा, चमेलीचे फूल, लहर ही नक्षीची नावे आहेत आणि त्यांचे नमुने किल्ल्याच्या व मंदिरांच्या दगडांत सापडतात. लहर अर्थातच नर्मदेची.

साड्यांच्या जुन्या प्रकारांची नावे चंद्रकळा, बैंगनी चंद्रकळा, चंद्रतारा, बेली आणि परबी. पहिल्या दोन साध्या अंगाच्या, बाकीच्या पट्ट्यांच्या किंवा चौकटींच्या. चंद्रकळा हा शब्द मराठी घरात वेगळा सांगावा लागत नाही. काठाला तेथे ‘बुगडी’ म्हणतात. आपल्याकडे बुगडी कानात असते, महेश्वरात ती पदराच्या कडेने धावते. हा काठ दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, त्यामुळे साडी उलटी-सुलटी कशीही नेसता येते, आणि महेश्वरीची ओळख सांगताना विणकर बहुधा हीच गोष्ट आधी दाखवतो. पूर्वी ही साडी निव्वळ सुती असे. आज ताण्याला (उभ्या धाग्यांना) बारीक रेशीम आणि बाण्याला (आडव्या धाग्यांना) सूत वापरतात. त्यामुळे अंगावर ती हलकी बसते आणि तरी तिला थोडी चमक असते. रेशीम बंगळुरूकडून, सूत कोइम्बतूरकडून, जरीची तार सुरतेहून येते. विणकर बाहेरचे, धागाही बाहेरचा, महेश्वरची आपली अशी फक्त विण.

इंग्रजांशी झालेल्या मंदसोरच्या तहानंतर (1818) होळकरांची राजधानी इंदूरला गेली. महेश्वरला तीर्थक्षेत्र म्हणून माणसे येत राहिली, दरबारी गिऱ्हाईक मात्र ओसरले. पुढे गिरणीचे स्वस्त कापड आले, स्वातंत्र्यानंतर संस्थानांचा आश्रयही संपला. माग बंद पडू लागले आणि तरुण मुले दुसरी कामे धरू लागली. हातमागाच्या बहुतेक गावांची कहाणी याच वळणाने जाते. महेश्वरचे वेगळेपण असे की मागणी आटली, तरी कसब जाणणारे हात गावात उरले होते.

इंदूरचे अखेरचे महाराज यशवंतराव (दुसरे) यांचे पुत्र रिचर्ड होळकर आणि त्यांच्या तेव्हाच्या पत्नी, अमेरिकेत जन्मलेल्या सॅली होळकर, यांनी या हातांना पुन्हा काम देण्याचा प्रयत्न सुरू केला. मोजक्या मागांवर काम उभे राहिले. विणकराच्या घरात कांड्या भरणे (बाण्याचे सूत नळ्यांवर गुंडाळणे), सूत उकलणे, ताणा लावायला मदत करणे ही कामे बायकांची. मागावर बहुधा पुरुष बसत. रेहवाने बायकांना मागावर बसवले. दिसायला बदल लहान आहे. पण कांडी भरणारी बाई कामाची मदतनीस असते आणि मागावर बसून धोटा (आडवा धागा नेणारे साधन) फेकणारीच्या नावावर साडी जमा होते, मजुरी तिच्या हातात येते.

जागेचा उपयोग विचारपूर्वक झाला. किल्ल्यातील वाड्याजवळच्या एका लहान दारातून आत गेले की कामाचे दालन लागते. तेथे मागांचा खटखटाट चालू असतो, आलेला पाहुणा विणकाम बघू शकतो आणि साडी तेथेच विकत घेऊ शकतो. कामशाळेच्या मागे संस्थेने चालवलेली शाळा आहे. उरलेला नफा विणकरांच्या मुलांचे शिक्षण, घरे आणि आरोग्य यांवर खर्च होतो. जुनी वास्तू जपण्याचा हा मार्ग संग्रहालयापेक्षा सोपा नाही, कारण माग बंद पडला की दालनही रिकामे होते. पण काचेच्या कपाटातले लुगडे पाहून साडी कशी विणतात ते कळत नाही, हेही खरे.

रेहवाला ‘विणकरांची सहकारी संस्था’ म्हणण्याची रीत आहे. काटेकोरपणे ते बरोबर नाही. सहकारी संस्थेत सभासद भागधारक असतात व लाभांश घेतात. येथे नफा वाटला जात नाही, आणि संस्थेची सुरुवातही राजघराण्याच्या पुढाकाराने झाली, विणकरांच्या सभेतून नव्हे. एकेकाळी दरबाराने बोलावलेल्या विणकरांना त्याच घराण्याने पुन्हा उभे केले, असे म्हणता येईल. परिणाम मात्र दरबारापुरता राहिला नाही. येथे शिकलेल्या अनेकांनी स्वतःचे माग टाकले, आणि आज गावातल्या गल्ल्यांतून जाताना रेहवाशी संबंध नसलेल्या घरांतूनही मागाचा आवाज ऐकू येतो. स्पर्धा आता यंत्रमागावर निघणाऱ्या नकलेशी आहे. ती स्वस्त असते आणि अजाण गिऱ्हाइकाला फरक चटकन कळत नाही. महेश्वरी साडीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, पण दुकानात ते विचारणारे थोडेच.

सॅली होळकर यांनी पुढे ‘विमेनवीव्ह’ ही वेगळी संस्था काढली. ती महेश्वरातच हातसुताच्या कापडावर काम करते. त्याच प्रयत्नातून विणकरांच्या तरुण मुलांसाठी हातमाग शाळाही निघाली. तिथे विणीबरोबर हिशेब, रंगसंगती आणि गिऱ्हाइकाशी बोलणे शिकवतात. किल्ल्याचा होळकरांकडील भाग रिचर्ड होळकर यांनी 2000 मध्ये अतिथिगृह म्हणून खुला केला. तिथे उतरणारे पाहुणे संध्याकाळी घाटावर जातात, आणि जाता-येता रेहवाच्या दारातही डोकावतात.