शेत एक, लिप्या तीन: एका ट्यूटोरियलच्या प्रस्तावामागची पार्श्वभूमी

आमच्या घरी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या जमिनीच्या कागदांचा एक रुमाल आहे. सगळ्यांत खाली मोडीतलं खरेदीखत, त्यावर बाळबोधीतली, म्हणजे देवनागरीतली, वाटणीची नक्कल आणि वर कन्नडमधला उतारा. शेत तेच, बांध तेच. खरेदीखतावर तर तिन्ही लिप्या भेटतात: मजकूर मोडी, खालची एक सही बाळबोध, आणि पुढे कधीतरी कुठल्याशा कामासाठी दाखवलं तेव्हा उमटलेला कन्नड गोल शिक्का. तो नेमका सर्व्हे नंबरावर बसलाय.

कागद वाचणाऱ्या यंत्रांवर काम करणाऱ्यांच्या परिषदेत असल्या पानांवर एक ट्यूटोरियल द्यावं, असं आम्हा दोघातिघांच्या मनात घोळतंय. प्रस्तावात ठरलेल्या गोष्टी विचारतात: विषय, कोणासाठी, अर्धा दिवस की पूर्ण, रूपरेषा, शिकवणारे कोण, आधी कुठे दिलंय का, साहित्य काय लागेल. हे सगळं तासाभरात भरून होतं. ‘हाच विषय का’ इथे मात्र मागे जावं लागतं.

या क्षेत्रातली मोठी परिषद म्हणजे आयसीडीएआर (इंटरनॅशनल कॉन्फरन्स ऑन डॉक्युमेंट अॅनालिसिस अँड रेकग्निशन). पहिली १९९१ साली फ्रान्समधल्या सेंट-मालो इथे भरली. मग दर दोन वर्षांनी भरत गेली आणि २०२४च्या अथेन्सपासून दरवर्षी भरू लागली. मुख्य परिषदेला जोडून कार्यशाळा आणि ट्यूटोरियल असतात. शोधनिबंधात नवा निकाल दाखवावा लागतो. ट्यूटोरियलमध्ये मुरलेलं ज्ञान नवख्याच्या हातात देता आलं पाहिजे. हा फरक लक्षात न घेता लिहिलेला प्रस्ताव स्वतःच्या निबंधांची जाहिरात होऊन बसतो. आमचा पहिला खर्डा तसाच झाला होता.

देवनागरी यंत्राने वाचायचे प्रयत्न परिषदेहून जुने आहेत. आर. एम. के. सिन्हा आणि एच. एन. महाबला यांचा निबंध १९७९चा. पुढे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या बी. बी. चौधुरी आणि उमापद पाल यांनी बांगला आणि देवनागरी या दोन्ही लिप्या वाचणारी प्रणाली १९९७च्या परिषदेत मांडली. त्यातली शिरोरेषेची युक्ती अजूनही फळ्यावर पाच मिनिटांत शिकवता येते. पानाच्या चित्रातल्या ठिपक्यांच्या प्रत्येक आडव्या रांगेत किती काळे ठिपके आहेत ते मोजायचं. शिरोरेषेपाशी आकडा एकदम उसळतो. तेवढी पट्टी पुसली की तोरणाची दोरी कापावी तशी अक्षरं सुटी होतात.

१९९९ साली परिषद बेंगळुरूला आली, आणि आमच्या दृष्टीने खरी गोष्ट तिथली. पाल आणि चौधुरींनी तिथे अनेक लिप्यांच्या भारतीय कागदांवर कुठली ओळ कुठल्या लिपीतली, हे वेगळं काढण्याची रीत मांडली. इंग्रजी, देवनागरी आणि राज्याची लिपी एकाच पानावर असणं हा आपल्याकडचा नेहमीचाच प्रकार. बेळगावात ते वेगळं सांगावं लागत नाही, दुकानाची पाटी पुरते.

कन्नड आणि देवनागरी छापील असतील तर ओळखणं अवघड नाही. देवनागरी शब्दावर रेघ सलग धावते. कन्नडात बऱ्याच अक्षरांच्या डोक्यावर ज्याचा त्याचा वेगळा तलकट्टू, म्हणजे छोटी आडवी खूण, असतो, रेघ जुळत नाही, आणि जोडाक्षरातलं ओत्तक्षर खाली लोंबतं. शब्दाच्या रुंदीच्या मानाने सर्वांत लांब आडवी रेघ किती, एवढं मोजलं तरी बरंच काम होतं.

मोडी आली की हे गणित कोसळतं. मोडी लिहिणारा आधी पानभर रेघ ओढून घेई आणि मग बोरू न उचलता अक्षरं टांगत जाई. रेघ आहे, पण शब्दाशब्दांत अंतर नाही, म्हणजे शब्दाची रुंदी मोजायची कुठून? त्यात ‘राजश्री’चा नुसता ‘रा’. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही फारसा पाळलेला नसतो.

आता इथला कागद असा का झाला, ते. १८१८ नंतर हा मुलूख इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात गेला आणि कारभारात मराठी राहिली. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हिशेबात आणि शाळेत तग धरून होती. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यपुनर्रचनेत चंदगड तालुका सोडून बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि दप्तर हळूहळू कन्नड झालं. सीमाप्रश्न इथे उकरत नाही, तो प्रस्तावाच्या पानात मावणारा नव्हे. पण आपल्या रुमालात लिपी कधी बदलली हे इतकं नेमकं सांगता येणारे लोक थोडेच असतील.

पुढचं झपाट्याने झालं. ‘टेसरॅक्ट’ हे छापील मजकूर वाचणारं सॉफ्टवेअर २००५ साली सर्वांना खुलं झालं आणि २०१८च्या चौथ्या आवृत्तीपासून न्यूरल जाळ्यावर, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रणालीवर, चालू लागलं. त्याला ‘मराठी अधिक कन्नड’ असं सांगता येतं. मोडी सांगायची सोय मूळ संचात नाही. मोडीचं पान दिलं तर ते देवनागरी समजून बिनधास्त काहीतरी वाचतं. आमच्या खतातून ‘कमल’ निघालं, कमल कोणी नव्हतं.

जाळं शिकवायचं तर प्रत्येक ओळीचं बिनचूक उत्तर हाताशी हवं, आणि गाडं तिथेच अडतं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक लिपीच्या अक्षरांना सांकेतांक देणाऱ्या मानकात, मोडी आली २०१४ साली, सातव्या आवृत्तीत. तोवर मोडी मजकूर मोडीतच टंकायला सर्वमान्य सांकेतांक नव्हते, म्हणून लोक बाळबोधीत उतरवत. उतरवणारा ‘पाणि’चं ‘पाणी’ करतो, ‘मौ’चं ‘मौजे’ करतो, आणि यंत्राला पानावर नसलेली अक्षरं शिकवली जातात. मोडीत उतरवायचं की बाळबोधीत, यावर आमच्या तिघांतच दोन पक्ष आहेत. माझं मत मोडी आधी, बाळबोध शेजारच्या रकान्यात.

शिक्क्याखालच्या नंबराचं उत्तर काकांकडे होतं. मी स्कॅन मोठा करून बघत बसलो होतो, ते म्हणाले, “वाचाय काय पाहिजे त्यात? एकशे बारा. बांधावर उभा राहिलास की कळतंय.” उत्तराच्या रकान्यात ते लिहावं का? पानावर तर दिसत नाही. अर्ध्या दिवसातला पाऊण तास आम्ही एवढ्याच प्रश्नाला ठेवलाय, आणि ‘लागणारं साहित्य’मध्ये प्रोजेक्टरखाली लिहिलंय: त्या खरेदीखताच्या चाळीस झेरॉक्स, शिक्क्यासकट.