पार्श्वभूमी : मराठवाड्यातील राष्ट्रीय चळवळ आणि डिसेंबर १९३८ ची माघार

मराठवाड्यात राज्य निजामाचे आणि त्याच्या पाठीशी इंग्रज रेसिडेन्सी. सभेसाठी 'गश्ती निशाण ५३' या सरकारी परिपत्रकाप्रमाणे आधी परवानगी लागे. म्हणून राष्ट्रीय विचार शिरला तो शाळांतून, वाचनालयांतून. उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. अशा राज्यात अंबाजोगाईसारख्या ठिकाणी चाललेल्या खाजगी मराठी शाळा म्हणजे राजकारणच होते, फक्त तसे कुणी म्हणत नसे. १९३७ साली परतूरला प्रांतिक परिषद भरली तेव्हा मागणी होती निजामाच्याच छत्राखाली जबाबदार राज्यपद्धतीची. आज हे मवाळ वाटते.

पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस ही संस्थानव्यापी संघटना उभी राहत होती, तोच सप्टेंबर १९३८ मध्ये तिच्यावर बंदी आली, स्थापनेच्याही आधी. २४ ऑक्टोबरला तिचा सत्याग्रह सुरू झाला आणि बरोबर दोन महिन्यांनी, २४ डिसेंबरला, तो स्थगित झाला. वाद आहे तो इथे. त्याच वेळी धार्मिक हक्कांसाठी आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह चालू होते, आणि सरकार तिन्हींना एकाच मापाने मोजून सगळ्यांवर जातीयतेचा शिक्का मारत होते. आपला लढा वेगळा दिसावा म्हणून थांबा, असा सल्ला ब्रिटिश हिंदुस्थानातील काँग्रेस नेतृत्वाने स्टेट काँग्रेसला दिला. तत्त्व म्हणून तो पटतो. पण तुरुंगात गेलेल्यांच्या पदरात काय पडले? बंदी उठली नाही. ती उठायला जुलै १९४६ उजाडले. उलट धार्मिक हक्कांचा लढा १९३९ च्या उन्हाळ्यातही चालूच राहिला आणि बरीच तरुण मंडळी तिकडे वळली. वेगळे दिसण्याची किंमत जरा जास्तच मोजली गेली, असे आमचे मत.

त्याच हिवाळ्यात वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल काढून टाकलेले विद्यार्थी नागपूरला जाऊन शिकले. पुढच्या लढ्याला यांच्यातूनच माणसे मिळाली.

१९४७-४८ मध्ये सगळेच पालटले. सरहद्दीपलीकडे स्वातंत्र्यसैनिकांच्या छावण्या पडल्या, त्यांच्याकडून शिंदीची झाडे तोडली गेली, करोडगिरीची (जकातीची) नाकी उद्ध्वस्त झाली, ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक लुटली गेली. इकडे रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांचा, उच्छाद. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, १७ ला निजाम शरण आला. तरी १९५२ च्या निवडणुकीनंतर लोकांनी निवडलेले मंत्रिमंडळ आले तेव्हा राजप्रमुखपदी (राज्यपालासारख्या पदावर) निजामच होता, आणि १९५६ पर्यंत राहिला.