धर्मादाय आणि मनोरुग्णांची सेवा (गोवा)

मनाने आजारी पडलेल्या माणसाला सांभाळायचं काम सरकारने हातात घेतलं ते फार उशिरा, त्याच्या आधी कित्येक शतकं ते देवाच्या नावाने चालणाऱ्या संस्थाच करत होत्या, म्हणजे देवळं, दर्गे, मठ, चर्चच्या बंधुसंस्था. गोव्यात यातल्या बऱ्याचशा परंपरा एकाच जमिनीवर भेटतात म्हणून इथला इतिहास नीट बघण्यासारखा आहे.

मुस्लिम जगात वक्फच्या पैशावर बीमारिस्तान म्हणजे इस्पितळं चालायची आणि त्यात मनोरुग्णांसाठी वेगळ्या खोल्या असायच्या, कैरोचं मन्सूरी इस्पितळ १२८४ चं. स्पेनमधे वलेंसियात १४०९ साली जोफ्रे नावाच्या पाद्रीने रस्त्यात पोरं एका वेड्याला मारताना बघितली, त्याने त्यावरच प्रवचन दिलं आणि तिथल्या व्यापाऱ्यांनी पैसे काढून वेड्यांसाठी इस्पितळ उभं केलं.

गोव्याशी थेट नातं मात्र सेंट जॉन ऑफ गॉडचं. हा मूळचा पोर्तुगीज, जन्म १४९५. ग्रानाडात पुस्तकं विकायचा, एक प्रवचन ऐकून इतका हलला की लोकांनी त्याला वेडा ठरवून इस्पितळात टाकलं आणि त्या काळी वेडावरचा उपचार म्हणजे चाबकाचे फटके, ते त्याने स्वतःच्या अंगावर खाल्ले. बाहेर आल्यावर त्याने आयुष्यभर आजाऱ्यांची सेवा केली. मला या सगळ्या इतिहासात हा माणूस सर्वात जवळचा वाटतो, कारण मार काय असतो ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याच्या पंथाचे ब्रदर पुढे गोव्यात आले, जुन्या गोव्यात सेंट मोनिका या नन्सच्या मठाजवळ त्यांचा कॉन्व्हेंट म्हणजे मठ होता. १८३५ च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने धार्मिक पंथच बंद केले तेव्हा तो रिकामा झाला.

हे ब्रदर यायच्याही आधीपासून इथे मिझरिकॉर्डिया होती, लिस्बनमधे १४९८ ला सुरू झालेल्या दयासंस्थेची गोव्यातली शाखा. तिचं काम दयेच्या १४ कृत्यांवर बेतलेलं, भुकेल्याला जेवण, आजाऱ्याची भेट, मेलेल्याला मूठमाती वगैरे. या यादीत वेड्याचं नाव कुठेच नाही, तो 'आजारी' किंवा 'गरीब' यातच मोडायचा. मडगावचं हॉस्पिसियो १९व्या शतकात फादर मिरांडा यांनी काढलं तेही मुळात गरीब आजाऱ्यांसाठीच. यात एक बरी बाजू होती, माणसाच्या कपाळावर 'पिसो' म्हणजे वेडा असा शिक्का बसत नव्हता. वाईट बाजू ही की त्याच्या आजारासाठी म्हणून वेगळं काही होतही नव्हतं, छप्पर आणि पेज मिळाली की संपलं.

हिंदू घरांत रस्ता देवळाकडे जायचा, अजूनही जातो. देवाच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या लावतात, भट गाऱ्हाणं घालतो आणि कुठली पाकळी आधी पडते त्यावरून कौल समजतात. लांबून आलेली माणसं देवळाच्या अग्रशाळेत राहतात. लहानपणी एका अग्रशाळेत मी दोन भाऊ बघितलेले, रात्री आजारी भाऊ उठून कुठे जाऊ नये म्हणून धाकट्याने पंचाचं एक टोक त्याच्या मनगटाला आणि दुसरं स्वतःच्या मनगटाला बांधलं होतं. त्याने जरा कूस बदलली की हा जागा व्हायचा. त्या माणसाला तिथे कुणी हसलं नाही, जेवायच्या पंगतीत तो सगळ्यांबरोबर बसला.

पण बांधणं सगळीकडे असं मायेचं नव्हतं. तामिळनाडूत एरवाडी दर्ग्याच्या आसपास खाजगी आश्रमांतून रुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवायचे, ६ ऑगस्ट २००१ ला तिथे एका आश्रमात आग लागली आणि २८ जण जागेवरून हलता न आल्यामुळे मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने कुणाही मनोरुग्णाला साखळी घालायला सरळ बंदी केली.

गोव्यात सरकारी मनोरुग्णालय आधी पणजीला अल्तिनोवर होतं आणि त्याला नाव दिलं होतं आबे फारिया यांचं. हे पण पाद्रीच, १७५६ ला कांदोळीत जन्मलेले. पॅरिसमधे त्यांनी सांगितलं की संमोहनाची झोप कुठल्या अदृश्य द्रवाने येत नाही, ती त्या माणसाच्या स्वतःच्या मनातून येते. आता ते हॉस्पिटल बांबोळीला आहे आणि सकाळी तिथून गोळ्या घेऊन संध्याकाळी देवळात कौल लावणारी घरं भरपूर आहेत, त्यांना यात काही वावगं वाटत नाही आणि मलाही वाटत नाही, गोळ्या चालू राहिल्या म्हणजे झालं.

अडतं ते पुढे. त्याच २०१७ च्या कायद्यात आहे की घरचे न्यायला येत नाहीत किंवा घरच नाही एवढ्याच कारणाने कुणाला हॉस्पिटलात ठेवून घेता येणार नाही. म्हणजे बरा झालेला माणूस पिशवी भरून तयार बसलेला असतो, आणि त्याला रात्री झोपायला जागा, दोन वेळा जेवण आणि गोळी घेतली का एवढं विचारणारं कुणीतरी लागतं.