गिरणी संपानंतरची गिरणगावातली गुन्हेगारी

१९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईत लालबाग, परळ, भायखळा, वरळी, शिवडी या पट्ट्यात टोळ्या, खंडणी आणि सुपारीचे खून वाढले, त्याबद्दलची ही नोंद. कामगार बेकार झाले म्हणून त्यांची पोरं गुंड झाली, असं सरसकट बोललं जातं, पण ते अर्धवट आहे आणि कामगारांवर अन्याय करणारं आहे.

१८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले, आणि तो संप आजवर कोणी अधिकृतपणे मागे घेतलेलाच नाही. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मान्यता एकाच युनियनला, ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, त्यामुळे सामंतांशी बोलणी करायला कोणी तयारच नव्हतं. पगार थांबला तसं घरातलं आधी मंगळसूत्र गहाण पडलं, मग तांब्यापितळेची भांडी गेली, मग वाण्याने उधारी बंद केली. बरेच जण कोकणात, साताऱ्याकडे, कोल्हापूरकडे गावच्या शेतीवर परतले, काही भिवंडीच्या पावरलूमवर गेले, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी वॉचमन झाला, आणि बायकांनी डबे, धुणीभांडी करून घर ओढलं. टोळीत गेली ती यांच्या मानाने मूठभर पोरं.

आणि टोळ्या काही संपाने जन्माला घातल्या नाहीत. दारूबंदीमुळे हातभट्टी होती, मटक्याचा जुगार तर न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवरून सुरू झालेला, नंतर तो मडक्यातल्या चिठ्ठ्यांवर आला आणि गिरणी कामगार त्याचं मोठं गिऱ्हाईक होते. रमा नाईक, बाबू रेशीम, अरुण गवळी यांची भायखळ्याची टोळी याच वस्तीत वाढली, गवळीचे वडीलही गिरणी कामगार होते. संपाने झालं काय, तर या टोळ्यांना हाताशी रिकामी, चिडलेली तरणी पोरं आयती मिळाली. त्यात १८ ऑगस्ट १९८२ ला मुंबईत पोलिसांनीच बंड केलं, कामगारही त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले आणि शेवटी लष्कर बोलवावं लागलं.

खरा पैसा नंतर आला, तो जमिनीचा. १९९० ला सोनं बाळगण्यावर बंधनं घालणारा सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, सोन्याच्या स्मगलिंगमधला फायदा घटत गेला, आणि १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी केली, मग बिल्डर आणि मालक यांच्याकडे खंडणीचे फोन जायला लागले. मे १९९४ मध्ये खटाव मिलचे सुनीत खटाव यांचा महालक्ष्मीला गाडीतच गोळ्या घालून खून झाला. जमीन विकायला कामगारांची संमती लागायची, आणि सह्या घ्यायला दारात कोण माणसं यायची हे जुने कामगार आजही सांगतात. असली धमकी एफआयआरमध्ये येत नाही, उंबऱ्यात उभं राहून 'काका, सही करून टाका' एवढंच म्हटलेलं असतं, तेही गोड आवाजात. म्हणून खुनांच्या आकड्यांवरून त्या काळची गुन्हेगारी मोजणं मला तरी पटत नाही.

१६ जानेवारी १९९७ ला पवईत सामंतांचाच खून झाला. १९९९ ला मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा आला, एन्काउंटरही जोरात सुरू होते, त्यानंतर टोळ्यांचा जोर ओसरला, पण तोवर बऱ्याच गिरण्या कायमच्या बंद झाल्या होत्या आणि कितीतरी कामगारांची देणी तशीच अडकलेली होती.