बायोटिनिडेज चाचणीचे कार्ड आम्ही पुन्हा का मागतो?

नवजात बाळाच्या रक्ताचे थेंब वाळवलेल्या कार्डावर आमची प्रयोगशाळा ही चाचणी करते. रिपोर्टऐवजी ‘नमुना पुन्हा पाठवा’ असा निरोप गेला की पालकांच्या पोटात गोळा येतो आणि प्रसूतिगृहातून फोन येतो: त्याच कार्डावर बाकीच्या चाचण्या झाल्या, मग हीच का अडली?

बाकीच्या बऱ्याच चाचण्यांत रक्तातल्या एखाद्या पदार्थाचे प्रमाण मोजतात. इथे बायोटिनिडेज हे एन्झाइम, म्हणजे बायोटिन हे जीवनसत्त्व शरीराला पुन्हा वापरू देणारे प्रथिन, काम करते की नाही, हे पाहायचे असते. कार्डातला छोटा गोल तुकडा कापून आम्ही द्रावणात ठेवतो. एन्झाइम शाबूत असेल तर जांभळा रंग चढतो. पण ऊब आणि दमटपणा लागला की एन्झाइम निकामी होते आणि धडधाकट बाळाचा नमुनाही फिका राहतो.

घोळ होतो तो वाळवताना. डाग कडेने सुकलेला दिसतो, मध्ये ओलाच असतो, आणि कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत जाते. कुणी हेअर ड्रायर फिरवतात, कुणी उन्हात ठेवतात; त्यापेक्षा ओले कार्ड बरे म्हणायची वेळ येते. लाल डाग गडद तपकिरी होईपर्यंत, म्हणजे किमान 3 ते 4 तास, कार्ड सावलीत आडवे राहू द्या. मग कागदी पाकिटात घालून त्याच दिवशी रवाना करा. आठवड्याची कार्डे साठवून एकदम पाठवू नका. गाडीच्या डॅशबोर्डवर तर नकोच.

फिक्या डागावरून अंदाजाने ‘ठीक’ लिहिणे आम्हाला जमणार नाही. या एन्झाइमचे काम सर्वसाधारण पातळीच्या 10 टक्क्यांहून कमी असलेले बाळही जन्मतः ठणठणीत दिसते. झटके, पुरळ, केस गळणे मागाहून सुरू होते. गेलेली ऐकण्याची शक्ती तर सहसा परत येत नाही. वेळेत कळले तर उपाय साधा: रोज तोंडाने बायोटिन, आयुष्यभर. डॉक्टरांनी ते सुरू केले असेल तर चाचणीसाठी परस्पर बंद करू नका.

बाळाला रक्त चढवायचे असेल तर नमुना आधी घ्या. नंतर रंग छान चढतो, पण तो दात्याच्या एन्झाइमचा.

दोष आई-वडील दोघांकडून येतो, म्हणून निदान पक्के झाल्यास भावंडांचीही तपासणी करून घ्यावी. खात्रीसाठीची सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) चाचणी आमच्याकडेच होते. त्यासोबत एका निरोगी व्यक्तीचा नमुना त्याच डब्यातून मागतो, म्हणजे बिघाड वाटेत झाला की बाळात आहे, ते कळते. वाळवण्याचा स्टँड आणि ओल शोषणारी पुडी आमच्या किटमध्ये असतेच. नुसती कार्डे नेणाऱ्यांनीही ती मागून घ्यावी.